बिलोलीची शिंदी

बिलोलीच्या रस्त्यावर शिंदीचा आंबूस वास आला की मी गाडीची काच वर करते. माझे मालक, आमचे हे, मोठे लेखक होते. त्यांचे वाचक आता तिथं येऊन शिंदीच्या झाडाखाली फोटो काढतात. "सर इथंच बसून लिहायचे ना?" म्हणून कौतुकानं विचारतात.

त्या दुपारी ह्यांना नांदेडच्या दवाखान्यात न्यायला जीप घराच्या दारात उभी होती, आणि मी त्याच झाडाखाली ह्यांच्या पाया पडून रडत होते.

"घरी पेन धरता येत न्हाई गं," हे म्हणाले. "इथं दोन ग्लास झाले की हात थरथरत न्हाई. बघ."

त्यांनी भरला ग्लास माझ्यापुढं धरला. शिंदी हिंदकळून माझ्या पदरावर सांडत होती, आणि हे लहान लेकरासारखं माझ्या तोंडाकडं बघून राहिले होते.

"हाव," मी म्हणाले, "न्हाई थरथरत."