मोटारीला जुंपलेले आजोळचे बैल

माझा थोरला भाऊ साहेबाच्या फौजेतून बसऱ्याच्या लढाईवरून परत आला तेव्हा त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता, पण डोक्यात मोटार शिरली होती. महाराज गादीवर होते, आणि कोल्हापुरात मोटारी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. त्यानं कुठूनशी एक जुनी मालमोटार मिळवली. मागचा मोडका हौदा काढून तिथं फळ्या ठोकलेल्या. तिच्यातून तो गुळाच्या ढेपा वाहू लागला. मी बैलगाड्या घडवणारा सुतार. त्या मोटारीकडं मी सवतीच्या पोराकडं बघावं तसं बघायचो.

आईनं लेकीच्या घरी जायचा हट्ट धरला नसता तर आम्ही दोघं एका कामाला कधी लागलोच नसतो. आमची धाकटी बहीण भुदरगडाच्या पलीकडं रानातल्या एका गावात दिलेली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा रिवाज आई काटेकोर पाळायची. पुढं मूल झालं, आमच्याच घरी झालं. बहीण त्याला घेऊन सासरी गेली आणि त्याच महिन्यात आई न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड कसंबसं जुळलं, पण पाय आखडला तो आखडलाच. बैलगाडीचा एक धक्का बसला तरी तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी आईनं लेकीचं घर पाहिलं नव्हतं. तिकडून सांगावा यायचा, "आई येणार हाय का न्हाय? सासू म्हणती, तुझ्या माहेरच्यांना आमचं पाणी कडू लागतंय जणू." तो ऐकला की आई पुढ्यातलं ताट बाजूला सारायची.

"डोलीतनं नेऊ की," मी म्हणालो.

"जित्ती हाय तोवर चौघांच्या खांद्यावरनं जाणार न्हाय," आई म्हणाली. डोलीचा विषय तिथंच मिटला.

उरली मोटार. तिला स्प्रिंगा होत्या, पुढं गादी होती. पण बिद्रीच्या पुढं कुठंतरी सडक संपायची आणि मग ओढे, भातखाचरं, चिखल. तिथं मोटार रुतणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तेव्हा भावानं बसऱ्याची गोष्ट काढली. तिथं साहेबाच्या काही मोटारी म्हणे चारी चाकांनी ओढायच्या. "आपली मागची दोनच चाकं राबत्यात. पुढची नुसती पावण्यासारखी बसून येत्यात. त्यांनाबी कामाला लावाय पायजे."

"मग लाव की."

"तसलं यंत्र हितं कोण देणार?"

मी मोटारीच्या पुढं उकिडवा बसलो, पुढच्या चाकांना जोडणारा कणा हातानं चाचपून पाहिला आणि म्हणालो, "बैल लावू."

भाऊ आधी हसला, मग माझ्याशेजारी उकिडवा बसला. लहानपणानंतर आम्ही असे पहिल्यांदाच बसलो असू. मी बाभळीची लांब दांडी घडवली, लोहाराकडून कड्या करून घेतल्या आणि ती पुढच्या कण्याला साखळ्यांनी अडकवली. दांडीच्या टोकाला जू. चिखल आला की जुंपायचं, चिखल संपला की सोडायचं. आणि कोरड्या वाटेवर बैल? ते मागं फळ्यांवर उभे राहून येणार!

बैल आणले आजोळचे, बिद्रीजवळच्या मामाच्या मळ्यातले. जन्मभर विहिरीवर मोट ओढलेले, गरीब. मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकून ऐकून कान मेलेले, म्हणजे इंजिनाला बुजायचे नाहीत, हा माझा हिशेब. तो खराही ठरला. पेंडीच्या आमिषानं दोघं फळीवरून मोटारीत चढले आणि वाटेनं रवंथ करत उभे राहिले. आई पुढं गादीवर, मांडीवर नातवासाठी शिवलेली कुंची. वाटेत एक म्हातारा हात जोडून विचारता झाला, "पावणं, बैलं आजारी हाईत व्हय?"

दुपारी पहिला ओढा आला. मागची चाकं गरगरली आणि रुतली. आम्ही बैल उतरवून जुंपले. भावानं इंजिन वाढवलं, मी बैलांना हाक घातली. मोटार हलली, वर चढली, चाकांना कोरडी जमीन लागली. मी आनंदानं ओरडलो. आणि बैल थांबले, त्यांनी मान हलवली आणि ते संथपणे मागं मागं सरकू लागले. दांडीनं मोटारीला मागं रेटलं, आणि ती पुन्हा ओढ्यात.

तीनदा असंच झालं. बाहेर काढायची की बैल मागं. भाऊ शिव्या देऊन दमला, मी शेपट्या पिरगळून दमलो. चौथ्या खेपेला मला रडू येऊ लागलं. इथवर आणून आईला परत न्यायचं? आईकडं बघायचं धाडस होईना. बघितलं तर ती पोट धरून हसत होती.

"आरं येड्यांनो, मोटंची बैलं ती! वझं हलकं झालं की त्यास्नी वाटतंय, मोट रिती झाली. मग मागं येणारच की!"

मी कपाळावर हात मारला. पाण्यानं भरलेली मोट वर येईतो बैल उतारावरून पुढं चालतात. ती ओतली, दोर ढिला पडला, की आपले आपण मागं सरत विहिरीशी येतात. उभा जन्म त्यांनी दुसरं केलं नव्हतं. बैलांची पारख करणारा मी, आणि एवढं माझ्या ध्यानात आलं नाही.

"मग काय करायचं?" भावानं विचारलं.

"दोर ढिला पडू द्यायचा न्हाय." आई लहानपणी बापाच्या विहिरीवर मोट हाकायची. "ह्या गाडीला दाबून धरायचा दांडा कुठला?"

भावानं ब्रेकचा दांडा दाखवला. गाडी आपली आपण पुढं सरकली तरी दोर ढिला पडणार, म्हणून आईनं इंजिन बंद करायला लावलं. भाऊ बैलांपुढं चालू लागला, मी आईच्या शेजारी बसून मोटार वळवायचं चक्र धरलं. बैलांचा ताण कमी होतोय असं दिसलं की आई दांडा जरासा ओढायची. बैलांना वाटायचं, मोट अजून भरलेलीच आहे. ते चालत राहिले. ओढे गेले, खाचरं गेली. आई हळू आवाजात बैलांना चुचकारत होती, आणि तिचा पाय दुखत असेल हे माझ्यासुद्धा ध्यानात राहिलं नाही. मोटारीचं एक चाकही स्वतःहून फिरत नव्हतं. भावाला बसऱ्याच्या त्या मोटारी आठवत असतील.

दिवस मावळायच्या आत आम्ही बहिणीच्या अंगणात शिरलो. अख्खं गाव जमलं. बहीण पोराला काखेत घेऊन उंबऱ्यातच थबकली.

"दादा, आईनं मोटार चालवत आणली व्हय?"

"व्हय. तिनंच," भाऊ म्हणाला.

भाकरतुकडा ओवाळून झाला. आम्ही दोघांनी आईला ओसरीवर बसवलं. बहिणीनं तांब्या पुढं केला. विहीणबाई दाराआडून बघत होत्या. आईनं वरून धार धरली आणि तांब्या एका दमात रिकामा केला.

"ग्वाड हाय की पाणी," ती दाराकडं बघत मोठ्यानं म्हणाली. मग तांब्या लेकीपुढं धरला.

"आणखी दे. तीन वर्षांची तहान हाय."