अटलांटिकवरचा नवरदेव

हसा, पोटभर हसा, पण आधी चहा खाली ठेवा. माझ्या अब्रूचा असा फालुदा पुन्हा कधी झाला नाही!

मी भूगोलाचा मास्तर. तीस वर्षं पोरांकडून रेखावृत्तं घोकून घेतली. आमचा अभिजित तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोला सॉफ्टवेअरमध्ये. दोन आठवड्यांच्या सुट्टीवर येणार, तेवढ्यात मुलगी बघून लग्न ठरवायचं! सगळी घाई.

त्याचा फोन आला. "बाबा, शुक्रवारी रात्री आठला इथून निघतोय. चोवीस तासांचा प्रवास..." आणि लाइन कट.

ही म्हणाली, "अहो, परत फोन लावा आणि पोचणार कधी ते विचारा."

"कोणाला सांगतेस? भूगोल शिकवतो मी!"

झालं! कागद घेतला. तिथले शनिवारी रात्रीचे आठ. अमेरिका आपल्या पश्चिमेला, म्हणजे साडेबारा तास वजा. शनिवारी सकाळी साडेसातला मुंबई, दुपारपर्यंत टॅक्सीने पुणे! सहकारनगरच्या आपट्यांना लगेच कळवलं, "शनिवारी पाचला मुलगी बघायला येतो."

शनिवारी चार वाजले तरी मुलाचा पत्ता नाही. ही रडकुंडीला आली.

"घाट तुंबला असेल गं," मी म्हटलं. "येईल परस्पर तिकडेच." शेजाऱ्यांकडे आपट्यांचा पत्ता ठेवला आणि आम्ही दोघंच निघालो. चेहरा मात्र मास्तरचा!

आपट्यांकडे पोहे आले, चहा आला. आपटे घड्याळाकडे बघून म्हणाले, "चिरंजीव कुठपर्यंत आलेत म्हणायचे? लोणावळा?"

"तिथेच कुठेतरी," मी ठोकून दिलं.

ट्रे ठेवायला आलेली मानसी, म्हणजे मुलगी, थबकली. तीही सॉफ्टवेअरमधलीच, अमेरिकेशी रोज फोनवर बोलणारी. "काका, तिकडून कधी निघालेत ते?"

मी ऐटीत गणित सांगितलं. अगदी फळ्यावर मांडावं तसं!

ती ओठ दाबून ऐकत होती. "काका, अमेरिका पश्चिमेला आहे खरी. पण ते तिथून इकडे येतायत ना? मग तास मिळवायचे. उद्या सकाळी साडेआठला उतरतील."

"मग आत्ता कुठे आहे तो?" ही किंचाळलीच.

मानसीने बोटं मोजली. "अटलांटिकवर असतील."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली! वाटलं, गेलं स्थळ हातचं. पोरगा बिनलग्नाचाच परत जाणार, आणि तेही माझ्यामुळे!

आपट्यांनी आत हाक मारली, "अगं, पोहे झाकून ठेव. जावई समुद्र ओलांडतोय!"

मग काय विचारता! आपटेवहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, मानसी तर खुर्चीच धरून बसली. शेवटी मीही हसलो. करतो काय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम पुन्हा झाला, या वेळी मुलासकट. दोघं गच्चीवर बोलायला गेली ती तासभर खाली येईनात. पसंती झाली!

मी हात जोडून म्हटलं, "आपटेसाहेब, आमची काही अपेक्षा नाही. तुमची असेल तर सांगा."

"एकच अट आहे," आपटे शांतपणे म्हणाले. "लग्नाची तारीख आम्ही काढू. आणि वऱ्हाड घरून कधी निघायचं, ते मानसी तुम्हाला फोन करून सांगेल."