पक्ष्यांचा शर्ट

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर त्यांनी खाकी घातली आणि निवृत्त झाल्यावर पांढरं. धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पांढऱ्यात नाय यायचं. डिझाइनचा शर्ट घ्या." तिला नाही म्हणायची बाबांना सवय नव्हती. म्हणून मी रजा टाकून त्यांना मुरबाडच्या बाजारात नेलं.

दुकानदाराने आधी चौकड्यांचा शर्ट काढला. बाबांनी खिसा बोटाने दाबून पाहिला. खिशावरच्या रेघा शर्टाच्या रेघांना मिळत नव्हत्या. त्यांनी तो परत दिला. मग पानांचा आला.

"कसली पानं ही?"

"डिझाइनची, काका."

"झाड माहीत नाय आणि पानं घालून फिरायचं?"

शेवटी गडद निळा शर्ट निघाला. लांबून त्यावर पांढरे ठिपके दिसायचे, जवळ गेलं की पक्षी. "बारीक नक्षीत पोट दिसत नाय," दुकानदार म्हणाला. "खाली साधी काळी पँट घाला. आणि हा एकच पीस राहिलाय." बाबांनी पोटाकडे पाहिलं आणि शर्ट घेतला.

घरी आईने तो उजेडात धरला. "पक्षी हायत."

"जवळ येईल त्यालाच दिसतील," बाबा म्हणाले.

त्यांना खरी काळजी व्याह्यांची होती. लग्न आमच्या दारात व्हावं असं बाबांना वाटत होतं, व्याह्यांना त्यांच्या किन्हवलीत हॉल हवा होता. फोनवर दोघेही "बघू" म्हणून थांबले होते. साखरपुड्याच्या सकाळी बाबा आरशासमोर बटणं लावत पुटपुटत होते, "आमचं म्हणणं असं आहे..."

दुपारी पाहुण्यांची जीप मांडवाशी थांबली. पुढच्या सीटवरून व्याही उतरले. गडद निळा शर्ट, पांढरे ठिपके.

मागून मुलाची आत्या उतरली, दोघांकडे आळीपाळीने पाहून म्हणाली, "असं ठरलेलं काय? आमाला नाय कोणी सांगितलं."

व्याही बाबांच्या जवळ आले, चांगलेच जवळ. "मुरबाडला घेतला?"

"हां. स्टँडजवळ."

"मला बोलला, एकच पीस राहिलाय."

"मला पण तेच बोलला."

"आमच्या शहापूरच्या बाजारात सगळे ओळखीचे," व्याही म्हणाले. "सारखा शर्ट कोणाच्या अंगावर दिसायला नको, म्हणून मुद्दाम मुरबाडला आलो."

बाबांनी गंभीरपणे मान हलवली. व्याह्यांनी शर्ट इन केला होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. बाबांचा बाहेर होता आणि मनगटाची बटणंही लावलेली. "इन केलेला बरा दिसतो का?" बाबांनी विचारलं. व्याही त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेले. अंगठ्या घालायची वेळ झाली तरी दोघांचा पत्ता नव्हता. मी बोलवायला गेलो, तर व्याही बाबांची बाही दुमडत होते आणि बाबा हात पुढे करून शांत उभे होते.

"लग्न इथंच करू," व्याही माझ्याकडे न बघता म्हणाले. "हॉलमध्ये उकडतं."

फोटोत कोण मुलीचे आणि कोण मुलाचे वडील, हे बघणाऱ्याला सांगावं लागतं. तेव्हापासून कुठल्याही कार्याच्या आदल्या दिवशी बाबा किन्हवलीला फोन लावतात. तब्येत विचारतात, शेतात भात कुठवर आला ते विचारतात. मग शेवटी म्हणतात, "उद्या काय घालताय?"