पांढऱ्या हिरड्या

सांभाळायला आणलेल्या कुठल्याही कुत्र्याच्या पिल्लाचा ओठ उचलून मी आधी हिरडी बघते. काल आलेल्या पिल्लाची चांगली गुलाबी होती, तरी मी दुसऱ्या बाजूचा ओठही उचलून बघितला.

गेल्या वर्षी बांधकामाच्या वाळूत दोन पिल्लं सापडली होती, भाऊ आणि बहीण. कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचिडांचे घोस लागलेले. मी दुपारभर चिमट्याने एकेक गोचीड काढत बसले. भाऊ माझ्या मांडीवर निपचित पडून होता. किती शहाणा आहे, असं मला वाटलं. दुखणं ओरडलं नाही, की आपण त्याला शहाणपण समजतो. "आज दमलाय, उद्या नेऊ दवाखान्यात," मी नवऱ्याला म्हटलं.

सकाळी डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या होत्या.

"अंगात रक्तच उरलं नाही हो, ताई. कालच आणायचं होतंत."

तासाभरात तो गेला.

बहीण औषधांनी बरी झाली, अंगावर नवे केस आले. पण आमच्याकडे होती तोवर ती वाटीतला भात अर्धाच खायची, आणि बाजूला सरकून बसायची.