अन्वरने माझ्या उत्तरापुढे केलेली बरोबरची खूण

त्या शनिवारी मी नेहमीपेक्षा तासभर आधी घरातून निघाले. रिक्षा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे वळत होती, पर्सच्या आतल्या कप्प्यात अन्वरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाळ्याची किल्ली होती, आणि तेवढ्यात त्याच्या बायकोचा, नसीमचा फोन आला. "बाई, हे उठत नाहीत हो." मी म्हटलं, "तोंडावर पाणी मार, उठेल." हे मी म्हटलं, अगदी शाळेत शिकवतानाच्या आवाजात. पलीकडे कुणाचं तरी रडणं ऐकू आलं, मग तिच्या दिराने फोन घेतला आणि सांगितलं की भाई पहाटे उठून पलंगाच्या कडेला बसले, पाणी मागितलं आणि ते येईपर्यंत सगळं संपलं. सेहेचाळीस वर्षांचा अन्वर. आदल्या संध्याकाळी पाच वाजता याच माणसाने मला रिक्षात बसवून रिक्षावाल्याला "बाईंना खड्ड्यातून नेऊ नको" असं दटावलं होतं. फोन बंद झाला तरी मी तो कानाला तसाच धरून बसले. रिक्षावाल्याने "पुढे घेऊ ना?" म्हणून विचारलं, आणि मी 'घे' म्हटलं. कुठे जायचं तेच मला कळत नव्हतं.

गाळ्यासमोर नमनमंडळाचा टेम्पो उभा होता. आतल्या एका गावातली बावीस माणसं, त्यातली निम्मी मुंबईहून रजा काढून आलेली. त्यांचं नमन, म्हणजे मृदंगावरची गाणी आणि सोंगं, ध्वनिमुद्रित करायचं होतं. शेजारच्या आंबा कॅनिंगची यंत्रं सुरू झाली की कानठळ्या बसतात, म्हणून सकाळचीच वेळ ठरली होती. त्यांना बातमी मलाच सांगावी लागली. मंडळाचे म्होरके मृदंगावरचं फडकं काढत होते, ते त्यांनी पुन्हा गुंडाळलं आणि म्हणाले, "काल तर माझ्याशी बोलला ओ तो. म्हनला, मशीन जरा रुसलाय, पन तुमी या." बावीसच्या बावीस माणसं टेम्पोत चढली. मी त्या दिवशी गाळा उघडला नाही. लवकर का निघाले होते, हेही कुणी विचारलं नाही. ते आज सांगणार आहे.

अन्वर माझा सहावीतला विद्यार्थी. खाडीपलीकडून होडीने शाळेत यायचा, गणितात बरा, मराठीत बेताचा आणि कानाने मात्र विलक्षण. प्रार्थनेच्या वेळी कुठलं पोर बेसूर आहे ते पाठ फिरवून सांगायचा. एकदा गृहपाठाची वही घरी राहिली म्हणून त्याने थाप मारली. वही दप्तरातच निघाली आणि मी त्याला पूर्ण तास वर्गाबाहेर उभं केलं. ही गोष्ट तो मोठेपणी ज्याला त्याला हसत सांगायचा. "बाईंसमोर खोटा बोलायचा नाय. बाई स्वतः कधी बोलत नाहीत, म्हणून त्यांना लगेच कळता." मी मान ताठ करून ते ऐकून घ्यायची. कौतुक कुणाला कडू लागतं?

पुढे तो आखातात गेला, मोठमोठ्या हॉटेलांत कार्यक्रमांच्या आवाजाचं काम करून बारा-चौदा वर्षांनी परतला आणि मिरजोळ्यात हा गाळा घेतला. मी तेव्हा निवृत्त होऊन घरात बसून सुनेच्या पोळ्यांत चुका काढत होते. तो आला आणि म्हणाला, "बाई, यंत्रं आहेत, कान नाय मिळत. तुमचा कान द्या." तेव्हापासून मी रोज जायला लागले. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात तसं त्याने मला सगळं शिकवलं. आत मंडळी बसलेली, प्रत्येकापुढे माईक. सगळे माईक मिक्सरला जोडलेले, त्यावर प्रत्येकाच्या आवाजाची एक सरकती पट्टी, वर नेली की आवाज मोठा. अन्वर आत त्यांच्यातच उभा राहून पट्ट्या सरकवायचा, आणि काचेबाहेर माझ्या समोरच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच पट्ट्या तशाच सरकायच्या. मी पडद्यावर सरकवली की त्याच्या बोटांखालची हलायची. मधे एक राउटर आणि तारा. चार-पाच वर्षं आम्ही असं काम केलं, एकमेकांकडे न बघता.

तर त्या आठवड्यातल्या बुधवारी हे बिघडलं. मी लॅपटॉपवर पट्टी हलवली तर मिक्सरवरची हले. अन्वरने मिक्सरवर हलवली तर माझ्या पडद्यावर ढिम्म. इकडचं तिकडे पोचत होतं, तिकडचं इकडे येत नव्हतं. त्याने तार बदलली. मग चहा. मग राउटर बदलला. पुन्हा चहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही, हा त्याचा नियम. मी असते तर सगळ्या तारा उपटून पुन्हा खोचल्या असत्या. दुपारी त्याने सहज विचारलं, "बाई, मंगळवारी तुमी एकट्या होतात ना? लॅपटॉप उघडला होतात काय?" आणि मी म्हटलं, "नाही रे, हातसुद्धा लावला नाही."

लावला होता. तो नसताना लॅपटॉप उघडायचा नाही, एवढी एकच गोष्ट त्याने मला बजावली होती. पण आदल्या आठवड्यात त्याने माझं एक भजन ध्वनिमुद्रित केलं होतं, आणि साठीनंतर आपला आवाज किती उतरलाय ते मला कुणी नसताना ऐकायचं होतं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती म्हणे. उघडल्याबरोबर इंग्रजीत एक खिडकी आली, परवानगी देता का म्हणून. बँकेच्या नावाने येणारे फोन आणि लॅपटॉपवर येणाऱ्या खिडक्या, दोघांनाही मी 'नको' म्हणते. तसं म्हटलं आणि भजन ऐकलं. आवाज व्हायचा तेवढा उतरला होता.

बुधवारचं एक वेळ सोडा, त्या खिडकीचा बिघाडाशी संबंध आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पण गुरुवारी तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि समजावून सांगू लागला. "लॅपटॉपात एक वॉचमन असतो बाई, फायरवॉल म्हणतात. जाणाऱ्याला सोडतो, येणाऱ्याला अडवतो. एकदा आपण नको म्हटला की कायमचा अडवून ठेवतो नि परत सांगत पन नाय. तशी खिडकी आलेली काय हो कधी?" मला त्या क्षणी सगळं समजलं. आता 'हो' म्हणायचं म्हणजे कालचं खोटं कबूल करायचं, तेही या मुलासमोर, जो गावभर माझ्या खरेपणाचे गोडवे गातो. मी म्हटलं, "नाही." तो बरं म्हणून उठला. पुन्हा विचारलं नाही.

त्या गुरुवारी दिवसभर आणि शुक्रवारी दिवसभर तो शोधत राहिला. पत्ते तपासले, मिक्सर पहिल्यापासून मांडला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मी चहा करत होते. शुक्रवारी त्याला घाम फुटला होता, डावा खांदा चोळत होता. पंखा लाव म्हटलं तर म्हणाला आवाज होतो. मी मनात ठरवलं, उद्या याच्या आधी येऊन ती परवानगी गुपचूप देऊन टाकायची. आपोआप सुरू झालं म्हणेल, हसेल, विषय संपेल. म्हणून मी शनिवारी लवकर निघाले होते.

तीन आठवडे मी नसीमकडे जात होते आणि खरं न सांगता परत येत होते. नवरा गेल्यावर पाळायची तिची इद्दत चालू आहे, ती घराबाहेर पडत नाही. चौथ्या आठवड्यात तिने अन्वरची कामाची पिशवी माझ्यापुढे ठेवली. "यातलं काय ते तुमालाच कळेल." पिशवीत टेस्टर, दोन तारा, मधुमेहाच्या गोळ्या आणि एक चाळीस पानी वही. त्या तीन दिवसांत काय काय तपासलं त्याची ओळीने नोंद होती, बेताच्या मराठीतल्या त्याच वेड्यावाकड्या अक्षरात. तार, राउटर, पत्ते... प्रत्येकापुढे केव्हा तपासलं, कसं तपासलं, दोनदा, तीनदा. मधेच एक ओळ होती: 'फायरवॉल. बाईंना विचारलं. नाही म्हणाल्या.' आणि पुढे बरोबरची खूण. ती एकच गोष्ट त्याने उघडून बघितली नव्हती. बघायला एक मिनिट लागलं असतं.

मला बसवेना. मी नसीमला तिथेच सगळं सांगितलं, मंगळवारपासून शनिवारपर्यंत. रडले नाही, रडायचा हक्क होता कुठे? तिने वही मिटली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हनला, हृदयाची नळी कधीपासून बंद होत आलेली. तुमच्यामुळे नाय झाला, बाई." आणि पुढे, "शुक्रवारी जेवताना सांगत होते, बाईंनी हात लावला नाय, म्हणजे मग मशीनच खोटा बोलतोय." हे ती सहज बोलली. मला टोचावं म्हणून नाही. वर्गाबाहेर उभं करावं, असं त्या क्षणी मला कुणीतरी हवं होतं, पण तिने सरबत आणून दिलं आणि मी ते प्यायले.

दुसऱ्या दिवशी गाळा उघडला. महिन्याभराचा कुबट वास, टेबलावर त्याचा कप. मिक्सर चालू केला, लॅपटॉप चालू केला. वॉचमनच्या यादीत सॉफ्टवेअरचं नाव सापडलं, त्याच्यापुढे परवानगीची खूण केली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आणि माझ्या पडद्यावरच्या पट्ट्या, सगळ्याच्या सगळ्या, एकदम आपोआप सरकल्या. मी खुर्चीतून उठलेच. कुणीही हात लावलेला नव्हता. मिक्सर बंद करताना पट्ट्या जिथे असतात तिथेच पुन्हा उघडतात, आणि अन्वरने शुक्रवारी शेवटची चाचणी घेऊन त्या जिथे सोडल्या होत्या, ते आता, महिन्यानंतर, माझ्यापर्यंत पोचत होतं. मृदंग जरा खाली. मागे सूर ओढणाऱ्या झिलकऱ्यांचे दोन माईक वर, कारण त्यांचा आवाज नेहमी दबतो. सगळं बरोबर होतं. उद्याच्या कामाची पूर्ण तयारी करून तो घरी गेला होता. तेव्हा मात्र मी रडले, कॅनिंगच्या यंत्रांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसेल.

गणपतीत मुंबईची माणसं येतील तेव्हा नमन करू, असं मंडळाचे म्होरके म्हणालेत. नसीम म्हणते, तुमीच करा. बावीस माणसं गायला बसली की पट्ट्या हलवाव्याच लागणार. पट्ट्यांचा आहे तो मेळ लॅपटॉपात जतन करून ठेवता येतो, हवा तेव्हा पुन्हा बोलावता येतो, हे मला माहीत आहे, अन्वरनेच शिकवलंय. पण पुन्हा येईल तो मी बोलावलेला असेल, अन्वरने ठेवलेला नसेल. मी रोज जाते, धूळ पुसते. बोट पट्टीपर्यंत नेते आणि मागे घेते.