रंजनाच्या आवाजातली कॅसेट

आमच्या ग्रुपमध्ये कोणाकडे बारसं, साखरपुडा, काहीही निघालं, की जेवणं उरकल्यावर मंडळी पाय पसरून बसतात आणि हमखास कॅसेटच्या विषयावर येतात. कॅसेट एकच, ती काढणारे आम्ही मोजके, पण दर वेळी एखादा किस्सा वाढलेला असतो. रॉनीच्या तोंडून ऐकाल तर विमान थेट स्टुडिओत उतरलं होतं. म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगून टाकतो. मी बेस गिटार वाजवायचो. बेस गिटारवाल्याकडे कोणी बघत नाही, त्यामुळे त्याला सगळं नीट दिसतं.

*

ऐंशीनंतरचे ते दिवस ऑर्केस्ट्राचे होते. आमच्या ऑर्केस्ट्रात गाणारी रंजना सावंत मुलुंडची. वडील गिरणीतले, संपानंतर घरीच. ऑर्केस्ट्रातल्या गायिकेला तेव्हा स्वतःचं नाव असायचं, आवाज नसायचा. निवेदक सांगायचा, "आता ऐका, अमुकताईंच्या आवाजात", आणि सिनेमातल्या मोठ्या गायिकेचं नाव घेतलं की टाळ्या पडायच्या. रंजनाला अशा तीन मोठ्या गायिका हुबेहूब यायच्या. तिला मागणीही तशीच होती.

भांडुपला एका कार्यक्रमानंतर एक आजोबा मुद्दाम स्टेजमागे आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, काय गातेस! डोळे मिटले ना, की तू नसतेसच."

आम्ही सगळे हसलो. रंजनाने वाकून नमस्कार केला. परत येताना मुलुंड आल्यावर ती टेम्पोतून उतरली, आणि रस्त्यात उभं राहूनच रॉनीला म्हणाली, "मला माझी कॅसेट काढायचीय. माझ्या गाण्यांची. मी आहे हे लोकांना कळू दे तरी."

*

रॉनी आमचा अरेंजर, कुठल्या गाण्यात कोणतं वाद्य कधी वाजणार ते ठरवणारा. अंधेरीच्या गावठाणातला. कीबोर्ड, अकॉर्डियन, मिळेल ते वाजवायचा. त्याने एका कॅसेट कंपनीला आरत्या करून दिल्या होत्या आणि त्या बऱ्या चालल्या होत्या, म्हणून आम्ही कंपनीच्या शेठकडे घाटकोपरला गेलो. सोबत प्रदीप कांबळे. तो पोस्टात होता आणि गाणी लिहायचा.

शेठने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "गाणी नवीन?"

"हो."

"चाली नवीन?"

"हो."

"आवाज पण नवीन?"

"हो ना शेठ."

"मग त्यात ओळखीचं काय आहे, भाई? गिऱ्हाईक दुकानात येऊन मागणार काय?"

शेवटी रॉनीने पुढच्या वर्षीच्या आरत्या कबूल केल्या तेव्हा शेठ तयार झाला. म्हणजे मराठी पॉपची ती कॅसेट गणपतीच्या कृपेनेच निघाली.

*

स्टुडिओ साकीनाक्याला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना. त्यांचं प्रेस मशीन सुरू झालं की आमच्या खुर्च्या हलायच्या. वरून विमानं. त्यामुळे खालच्यांची जेवणाची सुट्टी आणि साप्ताहिक सुट्टी, एवढाच वेळ आमचा. खालचे लोक जेवायला बसले की आम्ही धावत वाजवायला बसायचो.

एकदा सुट्टी संपली तरी आम्ही वाजवतच राहिलो. गाणं रंगात आलं होतं, थांबवणार कोण? नंतर टेप लावून ऐकलं तर मागे प्रेसचा ठोका, धाड, धाड, धाड. आमचा ड्रमर शरमून म्हणाला, "पुन्हा घेऊ या."

रॉनीने पुन्हा एकदा टेप ऐकली. "घेऊ या. पण तू जाऊन त्या प्रेसवाल्याला विचार, तो वाजवेल का. तालात तोच आहे."

*

म्युझिक झालं. आता आवाज. रंजना काचेपलीकडे माईकसमोर उभी राहिली आणि पहिलंच गाणं असं गायली की आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मुखडा एका मोठ्या गायिकेसारखा, पहिला अंतरा दुसरीसारखा, दुसरा तिसरीसारखा. तिला पत्ताच नाही. दहा वर्षांची सवय, माईक दिसला की गळा आपोआप दुसऱ्याचा व्हायचा.

रॉनीने बटण दाबून आत विचारलं, "रंजना, त्या तिघी येऊन गेल्या. तू कधी येणार?"

तिने परत प्रयत्न केला. परत तेच. शेवटी हेडफोन काढून बाहेर आली आणि बाकड्यावर बसून रडली. "माझा आवाज कसा आहे तेच मला माहीत नाही रे," म्हणाली. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मीही तर दहा वर्षं दुसऱ्यांच्याच रेकॉर्डवरचा बेस वाजवत होतो.

*

असे दोन रविवार गेले. पुढच्या आठवड्यात एका कामाच्या दिवशी आम्ही दुपारी बसलो होतो. खाली प्रेस चालू, म्हणून काम बंद. रंजना जिन्यात गेली आणि कठड्यावरून वाकून खालच्या चहावाल्याला ओरडली, "ए अण्णा, पाच कटिंग दे रे, आणि साखर कमी टाक, कालचा पाक होता नुसता!"

प्रेसच्या आवाजावरून तो आवाज इस्टेटच्या गेटापर्यंत गेला असेल. जाडसर, थोडा खरखरीत, आणि एकदम मोकळा.

रॉनी हातातली सिगारेट टाकून जिन्यात धावला. "हा कोणाचा आवाज?"

"कोणाचा म्हणजे? माझा. चहा सांगतेय ना."

"आता आत चल. गायचं नाही. चहा सांगायचा."

आणि प्रेस थांबल्यावर तसं जमलं. पण लगेच दुसरी भानगड उघडी पडली. हा आवाज खालच्या पट्टीतला. आम्ही मात्र सगळ्या गाण्यांची पट्टी सवयीने त्या मोठ्या गायिकांच्या गळ्याला धरून ठेवली होती. कॅसेट रंजनाची, आणि रंजनाला पट्टी विचारायचं आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

सगळं म्युझिक पुन्हा वाजवावं लागलं. कोणीही कुरकुर केली नाही, असं रॉनी सांगतो. मी केली होती.

*

पहिली कॉपी घेऊन आम्ही मुलुंडला तिच्या घरी गेलो. तिची आई मालवणची. एक बाजू पूर्ण ऐकली आणि म्हणाली, "ह्यां काय गो? घरात बोंबलतंस तसांच बोंबललंस. त्याच्यासाठी इष्टुडिओत कित्याक जावक होया?"

रॉनीला मालवणी कळत नव्हती. मी अर्थ सांगितला: घरात ओरडतेस तशीच ओरडलीस, त्यासाठी स्टुडिओत कशाला जायला हवं. त्याने उठून त्या माउलीचे पाय धरले.

वडिलांनी कॅसेट काढली, उलटी करून घातली आणि टेपरेकॉर्डरजवळ सरकून बसले.

*

कव्हरवर शेठने भलत्याच पोरीचा फोटो टाकला. गॉगल लावून लाल मोटरसायकलवर बसलेली. रंजना त्याच्याकडे भांडायला गेली.

शेठ म्हणाला, "बेन, तुमचा फोटो टाकला तर लोक बोलतील, ही तर आमच्या शेजारची."

"मी शेजारचीच आहे."

"म्हणून तर नाही टाकला."

*

कॅसेट बाजारात आली आणि वाट लागली. ऑर्केस्ट्राचे जुने श्रोते ऐकून हळहळले. आवाज बसला बिचारीचा, असं सगळीकडे झालं. एकाने ज्येष्ठमध आणून दिला, एकाने मध-हळद सांगितली. आमचा मॅनेजर तर मायेने म्हणाला, "महिनाभर गप्प राहा, पहिल्यासारखा येईल."

रंजनाने त्याला सांगितलं, "पहिल्यासारखा नकोच आहे. यापुढे गाईन तर याच आवाजात."

बोलणं बाणेदार होतं, पण पुढे कार्यक्रम बंद झाले. नवरात्र गेलं, नाताळ गेला, बोलावणं नाही. ती घरी मुलांच्या गाण्याच्या शिकवण्या घ्यायला लागली. आपण तिला कुठून या भानगडीत पाडलं, असं आम्हाला वाटायचं.

*

मग कसं कोण जाणे, उन्हाळ्यात एक गाणं रिक्षावाल्यांनी उचललं. "दांडीवर वाळतो दुपट्टा." प्रदीप अंधेरीला रिक्षात बसला तर समोर तेच गाणं. त्याला राहवलं नाही. पुढे वाकून म्हणाला, "भैया, ये गाना मैंने लिखा है."

रिक्षावाल्याने आरशात बघितलं. "अच्छा है, साहब. कल एक बैठा था, बोलता था गिटार मैंने बजाया है. सब इसी रिक्षा में बैठते हैं."

तो कालचा मी होतो.

*

त्याच वर्षीच्या गणपतीत घाटकोपरला एका मंडळात मी दुसऱ्याच एका ऑर्केस्ट्राबरोबर वाजवत होतो. रंजना तिथे मावशीकडे दर्शनाला आली होती, ती येऊन पुढच्या खुर्च्यांवर बसली. मध्यंतरानंतर निवेदक माईकवर आला आणि म्हणाला, "आणि आता ऐका, रंजना सावंत यांच्या आवाजात..."

मी बेसचा पहिला सूरच चुकलो. एक अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी पुढे आली आणि "दांडीवर" गायली. तोच जाडसरपणा, तीच खरखर, घोटून घोटून बसवलेली. वन्स मोअर मिळाला. रंजना दोन्ही वेळा मान खाली घालून ऐकत होती.

कार्यक्रम संपल्यावर ती स्टेजमागे आली. डोळे पुसलेले दिसत होते. पोरगी वडापाव खात उभी होती. तिने काही हिला ओळखलं नाही.

रंजना म्हणाली, "छान गायलीस गं."

"थँक्यू, ताई. तुम्ही पण गाता?"

"गाते."

"कोणाच्या आवाजात?"

"माझ्याच."

पोरीचा घास हातातच राहिला. जरा जवळ सरकून, अगदी काळजीने तिने विचारलं, "मग कार्यक्रम मिळतात का हो?"