सलीमभाईची काळी दोन

सलीमभाई गेले. घोडीले अजून कोणी सांगितलं नाही.

आज सकाळी मारेगावच्या कबरस्तानात मिट्टी झाली. अख्खी बँडपार्टी आलती. हे सगळे लोक एका जागी असून आवाज नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सलीमभाई आमचे बँडमास्टर. वरातीत पुढं ट्रम्पेटवाले, ढोलवाले, मधे नवरदेवाला घेऊन आमची नेहमीची घोडी, आणि मागं ठेल्यावर भोंगे लावून कीबोर्डवर स्वतः सलीमभाई.

तो ठेला एक सीझन मी ढकलला. कॉलेज सुटलं होतं. म्हणजे मी सोडलं होतं. मधे हैदराबादेत एका लॉजवर कामाला होतो, तिथला मॅनेजर बदकं पाळायचा, पण ते जाऊ द्या.

एका दुपारी ठेल्याच्या सावलीत पडून मी मोबाइलवर एक पीस लावला. मॉडर्न क्लासिकल. एक पियानो आणि त्याच्यामागं पूर्ण ऑर्केस्ट्रा. बनवणारा कोण्यातरी थंड देशातला, नाव मला आजही नीट घेता येत नाही.

इतका स्लो, की मधे मला वाटलं नेट गेलं.

सलीमभाई उठून बसले.

"अबे, हे काय होय?"

"पियानो हाय भाई."

"थे दिसून राह्यलं. पुन्हा लाव."

मग रोज तेच. चहा पिताना तेच, जेवताना तेच. कीबोर्डवर एकेक बोट ठेवून त्यांनी पट्टी शोधली. काळी दोन. म्हणजे काळ्या पट्ट्यांतली दुसरी, तिथून सा धरायचा.

आता गोची अशी, की त्या सुरावटीत जो रडका सूर आहे तो येतो काळी तीनवर. आणि आमच्या कीबोर्डची काळी तीन बंद होती.

तिच्यात कोण्या लग्नात आमरस गेलता.

दाबली की खाली जायची आणि तिथंच बसायची, जेवण झालेल्या पाहुण्यासारखी.

म्हणून सलीमभाईंनी सगळा पीस अर्धा सूर खाली उतरवला. पांढरी दोनवरून वाजवला की काळी तीन लागतच नाही. मनाला पटलं नाही, पण बसवला. ट्रम्पेटवाला गजानन वैतागला.

"मास्टर, याच्यावर लोक नाचतीन कसे?"

"नाचू नका म्हणा. ऐका म्हणा."

"वरातीत?"

"काहून? वरातीत कान घरी ठेवून येतेत काय लोकं?"

पहिला प्रयोग घाटंजीत. भर चौकात सलीमभाईंनी हात वर केला आणि तो पीस सुरू केला, त्याच्या मूळच्या लयीत. संथ.

घोडी थांबली.

तिची चूक नव्हती. वर्षानुवर्षं तिला एवढंच शिकवलेलं. बँड जोरात, तर चालायचं. बँड हळू झाला, म्हणजे मांडवाचं दार आलं, उभं राहायचं आणि नवरदेव उतरू द्यायचा.

नवरदेवाच्या तोंडावर फुलांचा सेहरा, त्याला दिसत काही नव्हतं. घोडी थांबली, म्युझिक सॉफ्ट झालं. तो उतरला.

समोर सिमेंटचं दुकान.

दुकानदार बिचारा गल्ल्यावरून उठला आणि हात जोडून म्हणाला, "या, बसा."

नवरदेवाचा मामा धावत आला.

"मास्टर, तिकडं मुहूर्त टळून राह्यला, अन् तुम्ही पोट्ट्याचं लगन सिमेंटवाल्याशी लावता काय?"

घोडी काही केल्या हलेना. शेवटी सलीमभाईंनी तोच पीस डबल स्पीडनं उचलला, ढोलवाल्यानं ठेका टाकला, घोडी निघाली, आणि लोक रुमाल दातात धरून रस्त्यावर लोळले.

सुपरहिट.

त्यानंतर प्रत्येक वरातीत फर्माईश. "मास्टर, थे विदेशी वाजवा." लोक खूश, गजानन खूश.

सलीमभाई सोडून सगळे खूश.

एकदा ठेल्यावर बसून मला म्हणाले, "लय घोडीची, पट्टी आमरसाची. मंग बनवणाऱ्या गड्याचं त्यात उरलं काय, सांग."

मी म्हणालो, "भाई, पब्लिकले आवडते ना."

"पब्लिकले आवडते थे मले समजते बे. मले एक खेप थे जसं हाय तसं वाजवाचं हाय. शेवटपर्यंत. मंग मी मोकळा."

मग एक दिवस ते टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन बसले. कीबोर्ड खोलला. काळी तीन साफ केली. तिच्यातून जे निघालं त्याचं वर्णन नको.

आणि मुकुटबनच्या एका लग्नात त्यांना जागा सापडली. पाठवणी. तिथं घोडी नसते, गाडी असते. आणि स्लो वाजवलं तर कोणी काही म्हणत नाही.

सुरू केलं. काळी दोन. मूळ लय.

नवरी रडली. आई रडली. मावश्या रडल्या. एकदम जमून आलं.

पण पीस मोठा होता.

सगळ्यांचं रडून झालं, पीस चालूच. मावश्यांनी दुसरा राउंड घेतला, तोही संपला. लोक हातरुमाल घडी करून खिशात ठेवायला लागले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. नवरीचा सासरा म्हणाला, "आटपा मास्टर, लांब जाचं हाय आमाले."

सलीमभाईंनी मान वर केली नाही. गजाननचे गाल लाल झालते, पण तोही थांबला नाही. मी ठेला धरून उभा. वाटलं, आता गाडी निघते आणि हे अर्ध्यावर राहतं.

गाडीची काच खाली आली. नवरी होती. काजळ गालावर उतरलेलं.

ड्रायव्हरला म्हणाली, "इंजिन बंद कर ना दादा. आवाज होऊन राह्यला. त्याइचं होऊ दे."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सासरा घड्याळ पाहत उभा राहिला.

काळी तीन वाजली. स्वच्छ.

शेवटचा सूर इतका हळू होता की संपला कधी ते कोणालाच कळलं नाही. टाळ्या वगैरे नाही. सलीमभाईंनी कीबोर्डवरून बोटं उचलली.

"झालं का काका?" नवरीनं विचारलं.

"झालं बेटी. जाय आता."

येताना ते ठेल्याशेजारी चालत होते, मोठे खुशीत. मला म्हणाले, "घोडी असती तं झोपली असती बे."

सलीमभाई, आखरी सलाम.

तुमचा ठेलेवाला